साबुदाणा चालतो, मग ओट्सला नकार का?

तुमची तक्रार अशी की, डॉक्टरांनी सांगूनही सासूबाई सकाळी ओट्स खात नाहीत, रात्रीचा भात सोडत नाहीत, पण नातवाबरोबर पिझ्झा मात्र आनंदाने खातात.

त्यांच्या उपासाच्या ताटाकडे बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. १४९८ मध्ये वास्को द गामा समुद्रमार्गाने भारतात आला, त्याआधी इकडे यातलं काहीच नव्हतं. तरी आज सदाशिव पेठेत एकादशीला खिचडी नसेल तर उपास झाल्यासारखा वाटत नाही! नवा जिन्नस फोडणीत, परातीत, ठरलेल्या वाराला बसला की परका राहत नाही. ओट्स दुधात भिजवलेले येतात, तेही 'तुम्हाला शुगर आहे' असं बजावत. पिझ्झा लाडाने येतो. आणि तो भाताची जागा मागत नाही, हे महत्त्वाचं.

प्रतिष्ठेचाही भाग असतोच. घरी ज्वारीची भाकरी नको म्हणणारे सिंहगडावर पिठलं-भाकरीवर ताव मारतात. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, नाचणीच्या बिस्किटांची पाकिटं दुकानात आली. पण रोज भाकऱ्या कोण थापणार, हा प्रश्न तिथेच आहे. (बहुतेक घरी उत्तर 'सूनबाई'.)

तुम्ही ओट्सचं पीठ थालीपिठाच्या भाजणीत थोडं मिसळून बघा, सांगून. लपवून घातलेलं कळलं तर भाजणीवरचाही विश्वास जाईल. भात लगेच बंद नको, आधी वाढण लहान करा.