तिन्हीसांजेला दिवे आधी लाव

अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू फोंड्याच्या त्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासात रुजू होणार हे तुझ्या आईकडून कळलं. औषधं कशी द्यायची, माणसाला उठवायचं-बसवायचं कसं, ते तिथे शिकवतीलच. मी लिहितेय ते दिवसाबद्दल. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजायला लागतो, म्हणून सकाळचं दुपारी आठवत नाही. हातांच्या सवयी आणि गाणी मात्र बराच काळ टिकून राहतात. वार कुठला ते न सांगता येणाऱ्या आजीपुढे अबोलीची फुलं आणि केळीच्या सोपटाचा दोरा ठेवून बघ. बोटं आपणहून चालायला लागतात. वळेसर वेडावाकडा झाला तरी सोडून पुन्हा करू नकोस, तसाच तिच्या केसांत माळ.

सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेली बाई ‘आजी’ म्हटलं तर वळून बघत नाही, ‘बाई’ म्हटलं की लगेच बघते. आणि कुणी बाजारासाठी एस्कुद मागितले तर हसू नकोस. त्यांचा तरुणपणचा गोवा 1961 च्या आधीचा, पोर्तुगीजांचा; शेवटची दोन-तीन वर्षं तिथलं नाणं तेच होतं. बाजारातून काय आणायचं ते विचार.

अकराच्या पेजेकडे जरा लक्ष दे. पेज हलकी, म्हणून सगळ्यांना चालेल असं वाटतं. पण गिळायला त्रास असलेल्याला पातळ पाणी आणि शितं एकत्र आली की ठसका लागतो. अशा माणसाला काय, किती दाट द्यायचं ते सिस्टरला विचारूनच दे. त्याला ताठ बसवून भरव आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा पुढे करू नकोस. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, माणूस जेवत नाही आणि आपण म्हणतो भूक नाही. रंगीत ताटं मागून घे.

खरी परीक्षा संध्याकाळची. चार-पाच वाजले की कुणीतरी दाराशी येऊन उभं राहतं. घरी जायचंय, गाय बांधायची राहिलीय. ‘हेच तुमचं घर’ असं सांगायला जाऊ नकोस, भांडण होईल. गाय दूध किती देते ते विचार, चार पावलं बरोबर चाल, आणि चालता चालता बघून घे : लघवीला जायचंय का, तहान लागलीय का, कुठे दुखतंय का. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं. पावसाळ्यात आपल्याकडे चारलाच अंधारून येतं, तेव्हा घड्याळाकडे बघत न बसता दिवे लाव, पडदे ओढ. काळोखात काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो आणि बाहेर कुणी परकं उभं आहे असं वाटून माणूस घाबरतो. टीव्हीवरच्या बातम्या बंद. एखादा अभंग लाव, टाळ हातात दे. सगळे नाही वाजवणार, एखादा वाजवेल.

एक गोष्ट मात्र गाठीला बांध. काल ओळखीनं बोलणारा माणूस आज एकदम बरळायला लागला किंवा सुन्न पडून राहिला, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नकोस. हा आजार बहुधा हळूहळू वाढतो, एका रात्रीत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी गोळी, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी, त्याच पाळीत सिस्टरला सांग.

गणेशचवथीला पाहुणे माइक घेऊन येतात, फोटो काढतात आणि जातात. त्यानंतरची संध्याकाळ तुझ्या वाट्याला येईल. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना जरा आडवं होऊ दे, कार्यक्रम लांबला तरी.

अंघोळीचं प्रकरण मोठं आहे, ते पत्रात मावणार नाही. रविवारी सुट्टी मिळाली तर जेवायलाच ये, मग सांगते.

तुझी,
मावशी