वाचक विचारतात: कुलूप चकचकीत, पण पिन निघेना!

प्रश्न: माझा बोटीचा छोटा ट्रेलर आहे, गाडीला जोडायचं कपलर ॲल्युमिनियमचं. चोरीच्या भीतीने गेल्या वर्षी चांगलं स्टेनलेसचं पिनवालं कुलूप लावलं. आता किल्ली फिरते, कुलूप उघडतं, पण पिन भोकातून हलत नाही आणि कडेने पांढरी पावडर येतेय. स्टेनलेस नकली निघालं का? नवीन कुठलं घेऊ?

उत्तर: नाही हो, पिनला काहीच झालेलं नाही, खाल्लं गेलंय तुमचं कपलर. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी शिरलं की तिथे चक्क बॅटरी तयार होते, आणि स्टेनलेस-ॲल्युमिनियमच्या जोडीत मार नेहमी ॲल्युमिनियमला बसतो. ती पांढरी पावडर म्हणजे गंजलेलं ॲल्युमिनियम, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं म्हणून पिन आवळली जाते.

हातोडा आधी बाजूला ठेवा. कपलरवर भरपूर गरम पाणी ओता, मीठही सुटतं आणि ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं त्यामुळे भोक किंचित सैल होतं, मग गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी पिन ओढायच्या आधी गोल फिरवून बघा.

नवीन घेताना ॲल्युमिनियमच्या कपलरला जस्ताचा मुलामा दिलेली कडक स्टीलची पिन बघा. जस्त आणि ॲल्युमिनियमचं बऱ्यापैकी जमतं, आणि असं स्टील कापायलाही अवघड. फक्त मुलामा उडून लाल गंज दिसला की पिन बदलायची, तिथे कंजूषी नको. पितळी कुलूप मात्र ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका. स्टेनलेसच हवं असेल तर पिनवर नायलॉनची स्लीव्ह, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे वॉशर आणि मरीन ग्रीस, पण स्लीव्हची जाडी धरून भोक आधी मोजा, नाहीतर घरी आणल्यावर पिन आत जायची नाही.

वॉशरने काय होणार असं वाटत असेल तर एक जुना किस्सा. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, दोनेक वर्षांत लोखंडी खिळे पार खाल्ले गेले, पण जिथे पत्र्यासोबतचा तपकिरी कागद खिळ्याच्या डोक्याखाली अडकून राहिला होता तिथले खिळे बऱ्यापैकी शाबूत. नुसता कागद हो!

आणि किल्लीच्या भोकात पेन्सिलची पूड, ग्रॅफाइट वगैरे टाकायची सवय असेल तर इथे नको, ग्रॅफाइटसुद्धा ॲल्युमिनियमला खायला लावतं, त्याऐवजी टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा. ट्रेलर पाण्यात उतरवताना कुलूप काढून गाडीत ठेवत जा, आणि परत लावायच्या आधी कपलर गोड्या पाण्याने धुऊन नीट पुसा.