स्टार्टअपना ग्राहकाला काय हवंय ते कसं कळतं, आणि प्रॉडक्ट बनवताना धोका कसा कमी करतात?

तुम्ही लिहिलंय की कल्पना तयार आहे, तिघांनी कोडिंगही सुरू केलंय, पण लोकांना हे हवंय का याची खात्री नाही आणि पैसे बुडायची भीती वाटते. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. अडचण खरंच आहे, ती सुटावी म्हणून कोणी पैसे मोजेल, आपल्याला ते बनवता येईल, त्या किमतीत आपलं भागेल, अशी चार-पाच गृहीतकं धरून आपण कामाला लागतो. त्यातलं जे चुकलं तर सगळंच कोसळतं, ते आधी तपासायचं. बहुतेक टीम नेमकं उलटं करतात. ‘बनवता येईल का’ हा आपल्या हातातला प्रश्न, म्हणून सगळे तिथेच रमतात. आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘येईल की’ असंच असतं.

इरिडियम या कंपनीचं उदाहरण घ्या. सॅटेलाइट फोनसाठी ६६ उपग्रहांचं जाळं, खर्च साधारण ५ अब्ज डॉलर. तंत्रज्ञान चाललं! सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. फोन बोजड, किंमत ३००० डॉलरच्या घरात, इमारतीच्या आत चालेना, आणि तोवर साधे मोबाइल बहुतेक शहरांत पोचलेले.

याउलट झॅपॉस, ऑनलाइन बूट विकणारी कंपनी. १९९९ मध्ये तिचा संस्थापक निक स्विनमर्नने दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानात जाऊन पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. धंदा म्हणून हे परवडणारं नव्हतंच. पण पायात घालून न बघता लोक बूट मागवतील का, याचं उत्तर गोदाम न भरता मिळालं.

आता ग्राहकांशी बोलण्याबद्दल, कारण गडबड जास्त इथेच होते. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ हे विचारूच नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी ‘मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत?’ असं विचारा, आणि जमलं तर ‘दाखवता का?’ म्हणा. मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. बिलांच्या एका सॉफ्टवेअरसाठी एका अकाउंटंट बाईंच्या शेजारी बसलो होतो. तोंडी त्यांनी सांगितलं, सगळं सुरळीत आहे. एक्सेल उघडलं तर निम्म्या ओळी पिवळ्या. म्हटलं, हे काय? तर बिल आलंय, पण माल खरंच पोचला का ते गोदामाला फोन करून विचारायचंय. त्यांचा दिवस त्या फोनांत जात होता. बिल स्कॅन करून आकडे आपोआप भरण्याचं फीचर आमच्या यादीत सगळ्यात वर होतं. त्यांना त्याचं विशेष काही नव्हतं.

होकार मिळाला तरी माणूस त्यासाठी काय सोडायला तयार आहे ते बघा. आगाऊ पैसे, स्वतःचा खरा डेटा, साहेबांशी गाठ घालून देणं, यातलं काहीतरी हवं. वेटिंग लिस्टवर ईमेल टाकायला कोणाचं काही जात नाही, त्यामुळे त्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही.

बनवायला घेतल्यावर धोका बदलतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही, तिथला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला. म्हणून नवं काहीही आधी मोजक्या ग्राहकांना द्या आणि ते लगेच बंद करता येईल अशी सोय ठेवा. पैशांचे व्यवहार किंवा औषधोपचार असतील तर ‘कच्चं देऊन बघू’ हा प्रकार नकोच. तिथे पडद्यामागचं काम हाताने करा, पण ग्राहकाला मिळणारं उत्तर चोख हवं.

तूर्त कोडिंग बाजूला ठेवून एकाच प्रकारच्या दहाएक ग्राहकांना भेटा. त्यातल्या किती जणांनी आगाऊ पैसे दिले तर पुढे जायचं, तो आकडा पहिल्या भेटीआधी तिघांनी मिळून लिहून ठेवा. नंतर ठरवायला बसलात तर दोघांनी दिलेले पैसेही पुरेसे वाटायला लागतात.