वाड्यातले ट्युलिप आणि लालबुंद डाग

फोटोग्राफीच्या या सदरात मागच्या अंकात इंग्लंडमधल्या पॅशली मॅनर या जुन्या जमीनदारी वाड्याच्या ट्युलिपच्या बागेबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि या महिन्याचं टपाल तिकडेच वळलं. एरवी पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते त्याचं काय करू, असं विचारणारी मंडळी आता व्हिसाच्या गोष्टी करतायत. निवडक प्रश्न घेतेय. बुरशीवाल्यांनी थांबावं, पुढच्या अंकात त्यांचा नंबर.

प्रश्न : मुलगी-जावई टनब्रिज वेल्सला असतात. एप्रिलमध्ये आम्ही दोघं जातोय. ट्युलिप बघायला हॉलंडचं क्युकेनहॉफ गाठावं की तुम्ही लिहिलेला वाडा? आणि नेमकं कधी? (खारघर)

मुलगी टनब्रिज वेल्सला असताना हॉलंडचा विचार कशाला करताय? तिथून हेस्टिंग्जकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मधे फ्रँट लागतं, मग वॉडहर्स्ट. वॉडहर्स्टला उतरून टॅक्सी करायची. टॅक्सी आधी सांगून ठेवा. ते ठाणे स्टेशन नाही, बाहेर रिक्षांची रांग मिळणार नाही.

क्युकेनहॉफ मी बघितलंय. ३२ हेक्टर, सत्तर लाखांच्या घरात कंद, डोळे फाटतात. पण फोटो घरी येऊन बघितले की सगळे सारखे. लाल पट्टा, पिवळा पट्टा, जांभळा पट्टा, मधे कुणाची तरी टोपी. वाड्याच्या बागेत ट्युलिप नुसते उभे नसतात. पायाशी निळ्या फर्गेट-मी-नॉटचा गालिचा, बाजूला वॉलफ्लॉवरचे तांबूस झुपके, मागे भिंत, भिंतीत खिडकी. फोटोला मागचं काहीतरी लागतं आणि ते तिथे चारशे-पाचशे वर्षांपासून तयार आहे. पॅशलीची पुढची बाजू १५५० ची, लाकडी चौकटींची, ट्यूडर राजांच्या काळातली. मागे गेलात की १७२० ची जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातली बाजू, सरळ रेषेत खिडक्या. एकाच घराची दोन तोंडं. ही जागा आधी बोलिन घराण्याकडे होती, आठव्या हेन्रीची ती दुर्दैवी राणी अ‍ॅन याच घराण्यातली. गंमत म्हणजे ही पुढची बाजू उभी राहिली तेव्हा इंग्लंडात ट्युलिप नव्हताच. युरोपात बहरलेल्या ट्युलिपची पहिली लेखी नोंद १५५९ ची, जर्मनीतल्या ऑग्सबर्गची, कोनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने केलेली.

वेळ म्हणाल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला. हिवाळा सौम्य गेला तर फुलं आधीच उरकतात. त्यांच्या ट्युलिप महोत्सवाच्या तारखा दरवर्षी वेगळ्या असतात, त्या बागेच्या संकेतस्थळावर बघून मगच तिकीट काढा. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिकडे सुट्टी असते, तो शनिवार-रविवार-सोमवार टाळा. मधल्या वारी, बाग उघडताच आत शिरा आणि आधी घर टिपून घ्या. माणसं यायला लागली की फुलांकडे वळायचं. बहुतेक जण उलटं करतात आणि मग घराच्या प्रत्येक फोटोत कुणाचा तरी अनोरक, म्हणजे टोपीवालं जाकीट येतं.

प्रश्न : श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनमध्ये मोबाइलवर शेकडो फोटो काढले. पिवळे, पांढरे छान आले. लाल मात्र सगळे नुसते लाल डाग. पाकळीचा पत्ताच नाही. मोबाइल महागातला आहे हो! (घोडबंदर रोड)

मोबाइलला दोष देऊ नका, लाल रंग कॅमेऱ्यांना पुरून उरतो. आतल्या सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा उजेड वेगवेगळा मोजला जातो. लाल पाकळीवर लालचं माप काठोकाठ भरतं, हिरवा-निळा जवळजवळ रिकामेच. कॅमेरा उजेड ठरवताना सगळ्यांचा मिळून अंदाज घेतो, त्याला वाटतं, अरे, इथे अंधार आहे. तो आणखी उजेड घेतो आणि लाल ओसंडून जातो. पाकळीवरच्या शिरा आणि सावल्या त्या लालमधल्या बारीक फरकांवर दिसत असतात. तो फरकच गेला, मग डागच उरणार. त्यातून मोबाइलला फूल ओळखता आलं की तो आपणहून रंग आणखी भडक करतो, म्हणजे भाजीत मीठ आधीच जास्त, वर वाढणारी पुन्हा चिमूट टाकतेय.

करायचं काय? स्क्रीनवर फुलाला बोट लावा, दाबून धरा, फोकस-उजेड लॉक होईल. मग शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह बोटाने खाली ओढा. पडद्यावर फोटो जरा काळपट वाटायला हवा. मोठा कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तीन रंगांचा वेगवेगळा लावा आणि लालची टेकडी उजव्या कडेला आपटत नाही ना तेवढं बघा. सगळे रंग एकत्र दाखवणारा नुसता पांढरा हिस्टोग्राम तुम्हाला गोड बोलून फसवेल. शक्य असेल तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. व्हिव्हिड वगैरे रंग भडक करणारे मोड बंद.

आणि उजेडाची दिशा बघा. पाठीशी सूर्य घेऊन फुलावर थेट ऊन, हे आपल्या स्टुडिओवाल्यांचं जुनं शिक्षण. ट्युलिपला ते मानवत नाही. सूर्य फुलाच्या मागे घ्या, स्वतः खाली बसा. पाकळी पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार येतो. बॅलेरिना नावाचा नारिंगी ट्युलिप असतो, पाकळ्या टोकदार, बाहेर वळलेल्या. मागून ऊन आलं की पाकळीच्या मधोमध नारिंगी गडद दिसतो, कडेला हलका होत जातो आणि एका पाकळीची सावली दुसरीवर पडलेली आतून दिसते. असा एक फोटो मिळाला की गालिच्याचे पन्नास पुसून टाकले तरी वाईट वाटत नाही. मी पुसलेत.

दक्षिण इंग्लंडात एप्रिलअखेरीस भर दुपारचा सूर्य जेमतेम ५३ अंश वर असतो. ठाण्यात त्याच दिवसांत तो सकाळी दहालाच तेवढा वर आलेला असतो. म्हणून तिकडे दुपारीही काम होतं. शिवाय आभाळ बहुतेक वेळा भरलेलंच. ढग आले म्हणून हिरमुसून चहाच्या टेबलाशी जाऊन बसू नका, लाल फुलांसाठी तोच मुहूर्त.

सराव इथेच करा. सोसायटीत लाल जास्वंद असेलच. सकाळी पूजेला कुणी तोडायच्या आत गाठा. फोटो मोठा करून पाकळीवरच्या शिरा मोजता आल्या की तुम्ही ट्युलिपला तयार.

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लंडनला चाललोय. ट्युलिपमध्ये पैठणी नेसून फोटो हवाय. रंग कोणता घेऊ? (नेरुळ)

घ्या, हौसेला मोल नाही! लाल, राणी, जांभळा सोडा, ते फुलांत हरवतील. मोरपंखी उत्तम, कारण त्या रंगाचा ट्युलिप नसतो. मोतिया रंगही शोभेल, फक्त मागे पांढरी फुलं नकोत. जरीला कडक ऊन चालत नाही, पदर पांढराफटक येतो. सावलीत किंवा ढगात उभ्या राहा.

वाफ्यात मात्र पाय ठेवायचा नाही. ‘जरासंच, फोटोपुरतं’ म्हणणाऱ्या आपल्याच लोकांमुळे आपल्याला सगळीकडे दोऱ्या बांधलेल्या दिसतात. युक्ती सांगते. तुम्ही वाटेवर उभ्या राहा, वाफा तुमच्या आणि यजमानांच्या मधे. यजमानांनी खाली बसायचं, फोन फुलांच्या उंचीला आणायचा, तिप्पट झूम लावायचा आणि फोकस तुमच्या चेहऱ्यावर. पुढची फुलं धूसर होऊन तुमच्या कमरेपर्यंत येतील. बघणाऱ्याला वाटेल, बाई फुलांतच उभी आहे.

तापमान दहा-पंधराच्या आसपास धरा. लांब बाह्यांचं ब्लाउज, आत थर्मल. हिरवळ ओली असते, फॉल भिजून काळा होतो आणि उंच टाचा मातीत रुततात. साडीखाली सपाट बूट घाला, कुणी बघत नाही.

प्रश्न : वय ७२. गुडघे कामातून गेलेत. डीएसएलआर, दोन लेन्स आणि ट्रायपॉड न्यावा का? खाली बसल्याशिवाय ट्युलिपचा फोटो नीट येत नाही म्हणता, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? (कळवा)

काका, ट्रायपॉड घरी ठेवा. अशा बऱ्याच बागांच्या वाटा अरुंद असतात, तिवईला मनाई असते किंवा आधी विचारावं लागतं. हवाच असेल तर महिनाभर आधी ई-मेल करा. हौशी फोटोला सहसा कुणी अडवत नाही, पैसे घेऊन करायच्या शूटला वेगळी परवानगी लागते. लेन्स एकच न्यायची तर ७०-२०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम. घरासाठी खिशातला मोबाइल पुरे.

ट्युलिप साधारण ४० ते ६० सेंटिमीटर उंच असतो. उभ्याने काढलात तर तो वरून दिसतो. तेही वाईट नाही, अपेलडॉर्न जातीच्या लाल फुलात वरून डोकावलं की तळाशी काळा डाग आणि त्याला पिवळी किनार दिसते. पण बाजूने हवा असेल तर मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली, हात सैल सोडा आणि आवाजाच्या बटणाने क्लिक करा. वाकायचं नाही. कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळत असेल तर तोही पट्ट्याने गुडघ्यापाशी सोडता येतो. अगदी जवळ गेलात की काही मोबाइल गुपचूप रुंद लेन्सवर उडी मारतात, फूल नाकासारखं फुगतं आणि तुमचीच सावली त्यावर पडते. दोन पावलं मागे या, झूम वापरा.

घरासकट फूल काढताना एफ २.८ चा, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून मागचं सगळं धूसर करण्याचा मोह आवरा. साडेचारशे वर्षांचा वाडा मागे मळकट ढग होऊन बसतो. एफ ८ ठेवा. वाडा धूसर असू दे, पण चौकटी ओळखू आल्या पाहिजेत. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० च्या खाली नको, ट्युलिपचा देठ लांब, झुळूक आली की डोलतो. आणि भिंती मागे झुकलेल्या येऊ नयेत म्हणून फोन वर वळवू नका. सरळ धरा, मागे सरका, खालची जास्तीची हिरवळ नंतर कापा. नौपाड्यातल्या माझ्या स्टुडिओत येणाऱ्या पोरांना ही एक गोष्ट शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले.

प्रश्न : ते पट्ट्यापट्ट्यांचे ट्युलिप, ज्यांच्यासाठी डच लोकांनी घरं विकली म्हणतात, ते बघायला मिळतात का? (वाशी)

घरं विकल्याच्या गोष्टी बऱ्याच तिखटमीठ लावलेल्या आहेत. फेब्रुवारी १६३७ मध्ये हॉलंडात ट्युलिपच्या कंदांचे चढलेले भाव कोसळले हे खरं. ते पट्टे विषाणूमुळे पडत, हे १९२८ च्या सुमारास डोरोथी केली या ब्रिटिश संशोधिकेने दाखवलं. तो विषाणू मावा ही कीड पसरवते. आज बागेत दिसतात ते पट्टेवाले निरोगी, संकर करून मिळवलेले.

प्रश्न : येताना कंद आणून ऐरोलीच्या बाल्कनीत लावू का? फ्रिज आहे की! (ऐरोली)

आणू नका. झाडं, कंद, बियाणं भारतात आणायला २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते सोपस्कार केले तरी ट्युलिपला १२ ते १६ आठवडे सलग थंडी हवी. फ्रिजमध्ये ठेवाल, पण शेजारी सफरचंद-केळी असली तर त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं निभावलं, तरी बाहेर काढल्यावर ऐरोलीची हवा दोन-चार दिवसांत फूल उतरवेल. हौसच असेल तर दादरच्या फूलबाजारात थंडीत ट्युलिपची जुडी मिळते ती आणा. फुलदाणीत घातल्यावरही त्याचा देठ वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो. रोज सकाळी एकाच जागेवरून फोटो काढा, छान मालिका होईल.

प्रश्न : परदेश आमच्या आवाक्यात नाही. इथल्या इथे वाडा आणि ट्युलिप असं काही जमेल? (कोपरी)

श्रीनगरलाच जा. २००७ मध्ये सुरू झालेली ती बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बहर. वाडा नाही, पण जवळच चश्मेशाही, शाहजहानच्या काळातली, १६३२ ची बाग. दोन्ही एका दिवसात होतात. ट्युलिप सकाळी थंडीत मिटलेले असतात, ऊब आली की उघडतात. मिटलेले हवे असतील तर दार उघडताच आत, उघडलेले हवे असतील तर दहानंतर. बहर आठवडाभर मागेपुढे होतो, म्हणून विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि घोडबंदर रोडच्या वाचकांना दिलेलं लाल रंगाचं उत्तर जाण्याआधी परत एकदा वाचा.