रविवारी मिक्सर लावू देत नाही!

"मॅडम, पोरगी परत आली, पण आमची राहिली नाही बघा." विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसताच आईंनी सुरुवात केली. शेजारी सत्तावीस वर्षांची लेक, जर्मनीत हॅम्बुर्गला एमएस आणि वर्षभर नोकरी करून चार महिन्यांपूर्वी सांगलीला परतलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तक्रारी अशा. रविवारी सकाळी मिक्सर लावू देत नाही. खोलीचं दार लावून घेते. न सांगता आलेल्या मामींना तोंडावर म्हणाली, "आधी फोन करायचा ना." आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या गॅलरीत ओळीनं मांडते. "भंगारवाला किलोवर घेतो, ही एकेक मोजते!"

बाटल्यांवर लेक हसली. तिथं दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की 25 सेंट परत मिळतात. महिनाअखेरीला त्यावर तिचा ब्रेड यायचा. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास द्यायचा नसतो. तीन वर्षांत अंगवळणी पडलं होतं.

परदेशात गेल्यावर माणूस बावरतो, हे सगळ्यांना पटतं. परतल्यावरही बावरतो, याची तयारी कुणी करत नाही. गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्यानं 1963 मध्येच हे मांडलं होतं: जाताना मनाची एक घसरण, परतताना दुसरी, आलेख काढला तर 'डब्ल्यू'सारखा दिसतो. मला तर दुसरी घसरणच जास्त टोचरी वाटते. हॅम्बुर्गमध्ये परकं वाटलं तर त्यात नवल नाही. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून परकं वाटलं तर कुणाला सांगायचं?

पण मामींच्या बाबतीत मी लेकीची बाजू घेतली नाही. तो उद्धटपणाच होता. तिनं मान्य केलं, जरा तोंड वाकडं करून.

मग विचारलं, "तिथलं असं काही, जे घरी कधीच सांगितलं नाहीस?"

बराच वेळ गेला. "पहिल्याच जानेवारीत बर्फावर घसरून पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. व्हिडिओ कॉलवर फोन असा धरायचे, की हात दिसायचा नाही. डाव्या हातानं कुकर लावायला शिकले."

आईंनी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि मनगट चाचपत राहिल्या. "म्हणून चेहराच तेवढा दाखवायचीस होय गं?"

पुढचं काम किरकोळ होतं. चटणी शनिवारीच वाटायची. दार लावलेलं असलं तर टकटक करायची. सहा महिने स्थळांचा विषय काढायचा नाही; हे आईंना जड गेलं, अजून जातंय.

परवा आईंचा फोन आला. लेक भडंग घेऊन मामींकडे गेली होती, मुद्दाम, फोन न करता.

मामी घरी नव्हत्या.