दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १ल्या मरीन डिव्हिजनची (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैनिकांची मोठी तुकडी) सगळ्यात भयंकर लढाई कोणती?

बरेच जण ग्वाडलकनाल म्हणतील (पॅसिफिकमधलं बेट, ऑगस्ट १९४२, तिथे मलेरियानेच निम्मं हैराण केलं होतं), पण माझ्या मते पेलेलिउ, तेही पॅसिफिकमधलंच एक छोटं बेट. १५ सप्टेंबर १९४४ ला उतरले तेव्हा कमांडर जनरल रुपर्टस म्हणत होते की चार दिवसांत काम संपेल, आणि बेट पूर्ण ताब्यात यायला दोन महिन्यांच्या वर लागले, कारण जपान्यांनी किनाऱ्यावर अंगावर धावून येणं सोडून प्रवाळाच्या डोंगरात शेकडो गुहा धरून ठेवल्या होत्या. त्यात ४५ डिग्रीच्या आसपास ऊन, आणि पाणी नीट न धुतलेल्या तेलाच्या ड्रममधून आलेलं, त्याने लोक आजारी पडले. डिव्हिजनचे साडेसहा हजारांच्या आसपास मृत आणि जखमी. वाचून खरंच पोटात कालवतं. त्यानंतर १९४५ ला हीच डिव्हिजन परत लढायला जपानच्या ओकिनावा बेटावर.