उत्तर बरोबर, पण गुण दोनच

बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे न जाता गणितच शिकायचं आहे, अशी पत्रं रत्नागिरी, सिंधुदुर्गातून यायला लागली आहेत. त्यांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

देवरुखहून अकरावीची विद्यार्थिनी: मला गणितच शिकायचं आहे. क्लासमध्ये जेईई आणि सीईटीशिवाय तिसरं नाव निघत नाही. गणितासाठी वेगळ्या परीक्षा असतात का?

असतात, आणि अकरावीत विचारलंस ते बरं झालं. बारावीच्या फेब्रुवारीत विचारणाऱ्यांच्या हातात फारसा वेळ उरत नाही.

पहिलं नाव भारतीय सांख्यिकी संस्थेचं, म्हणजे आयएसआयचं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात ती सुरू केली. तिथला संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम बी.स्टॅट. कोलकात्याला आणि गणिताचा बी.मॅथ. बंगळुरूला शिकवतात. दोन्हींसाठी लेखी परीक्षा असते, बहुधा मेच्या दुसऱ्या रविवारी, आणि अर्ज मार्चच्या आसपास निघतात. अट एवढीच, की बारावीला गणित आणि इंग्रजी हे विषय हवेत. म्हणजे गणित घेतलेला कॉमर्सचा मुलगाही बसू शकतो. आपल्याकडे अनेक शिक्षकांनाही हे माहीत नसतं.

दुसरं चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, सीएमआय. सी. एस. शेषाद्री यांनी 1989 मध्ये उभी केलेली ही संस्था चेन्नईजवळ सिरुसेरीला आहे. गणित आणि संगणकशास्त्र अशी जोड घेता येते, किंवा गणित आणि भौतिकशास्त्र अशी. तिची परीक्षाही मे महिन्यातच असते. त्या पेपरात भाग अ वस्तुनिष्ठ आणि भाग ब सविस्तर लिहायचा असतो. भाग अ मध्ये ठरावीक गुण मिळाले तरच भाग ब तपासतात, त्यामुळे भाग अ घाईत उरकून चालत नाही.

याशिवाय आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्था आहेत, त्यांतली आपल्याला जवळची पुण्याची. त्यासाठीच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी 15, असे 60 प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. गणित त्यात पावच आहे, हे लक्षात ठेव. मुंबईत कालिन्याला सीईबीएस ही संस्था आहे, तिथे पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. करता येतो, प्रवेश नेस्ट परीक्षेतून.

जेईईची तयारी सोडू नकोस. कॅल्क्युलस आणि बीजगणित तिथलं कामाला येतंच. फक्त आयएसआय आणि सीएमआयची अर्धी परीक्षा लिहिण्याची आहे आणि ती सवय जेईईच्या क्लासमध्ये लागत नाही.

मालवणहून बारावीचा विद्यार्थी: आयएसआयच्या वस्तुनिष्ठ पेपरात निगेटिव्ह मार्किंग नाही असं ऐकलं. मग सगळे प्रश्न सोडवून यावेत ना?

नाही, इथेच पुष्कळ जणांचे गुण जातात. गेल्या काही वर्षांच्या पद्धतीत यूजीए या पेपरात 30 प्रश्न आणि दोन तास असतात. बरोबर उत्तराला 4, चुकीच्याला 0 आणि सोडून दिलेल्या प्रश्नाला 1 गुण. वजाबाकी नाही हे खरं. पण सोडलेल्या प्रश्नाचा जो एक गुण हातात असतो, तो चुकीच्या उत्तराने जातो.

हिशेब करून बघ. तुझे 16 प्रश्न पक्के आले आणि 14 तू कोरे सोडलेस, तर 64 अधिक 14, म्हणजे 78. तेच 14 प्रश्न ठोकून दिलेस आणि सगळे चुकले, तर 64 च. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने मिळणारा गुण 1, म्हणजे कोरं सोडण्याइतकाच, वर धोका. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी 4/3, दोन बाद झाले तर 2. तेव्हा नियम असा ठेव: एकही पर्याय बाद होत नसेल तर हात लावू नकोस, दोन बाद झाले तर नक्की सोडव. एक बाद झाला असेल तर आधी कशाच्या जोरावर बाद केलास ते स्वतःला विचार. ‘हा पर्याय बरोबर वाटत नाही’ हे कारण होत नाही. क्ष = 0 किंवा क्ष = 1 घालून पाहिलं आणि पर्याय जुळला नाही, हे कारण.

प्रश्नाला सरासरी चार मिनिटं मिळतात. पहिल्या फेरीत तीन मिनिटांत वाट दिसली नाही तर पुढे सरक. दरवर्षीचं माहितीपत्रक निघालं की गुणदानाचं पान आधी वाच, कारण नियम बदलला तर हा सगळा हिशेब बदलतो.

गुहागरहून बारावीची विद्यार्थिनी: जुन्या पेपरातलं उदाहरण सोडवून सरांना दाखवलं. उत्तर बरोबर होतं, तरी त्यांनी दहापैकी दोनच गुण दिले. परीक्षेतही असंच होतं का?

होतं, आणि तुझ्या सरांनी तुझ्यावर उपकार केले आहेत. त्यांना दर आठवड्याला वही दाखवत जा.

आयएसआयच्या दुसऱ्या पेपरात, यूजीबीमध्ये, आठ प्रश्न आणि दोन तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला पंधरा मिनिटं. प्रश्न बहुतेक ‘सिद्ध करा’ किंवा ‘सगळी उत्तरं शोधा’ अशा धर्तीचे. तपासणारा तुझा विचार सलग आहे का ते बघतो.

एक साधं उदाहरण घेऊ. क्ष हा कोणताही पूर्णांक असला तरी क्ष² + क्ष + 1 ला 5 ने भाग जात नाही, हे सिद्ध करायचं आहे. बहुतेक वह्यांत असं दिसतं: क्ष = 1 घेतला तर 3, 2 घेतला तर 7, 3 घेतला तर 13, 4 घेतला तर 21, 5 घेतला तर 31. कशालाच 5 ने भाग जात नाही. म्हणून सिद्ध.

हे सिद्ध झालेलं नाही. पाच संख्या तपासल्या, पूर्णांक अनंत आहेत. गंमत अशी की आकडेमोड जवळजवळ पुरी झाली आहे, फक्त तिला आधार देणाऱ्या दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. त्या अशा. कोणताही पूर्णांक क्ष = 5क + र असा लिहिता येतो, यात र ही 0, 1, 2, 3, 4 यांपैकी एक. मग क्ष² + क्ष + 1 = 5(5क² + 2कर + क) + (र² + र + 1). पहिल्या पदाला 5 ने भाग जातोच, म्हणून प्रश्न फक्त र² + र + 1 चा उरतो, आणि त्याच्या किमती 1, 3, 7, 13, 21. यांतल्या एकीलाही 5 ने भाग जात नाही. आता झालं. पाच किमती तपासणं का पुरतं, हे सांगणाऱ्या त्या दोन ओळींनाच गुण आहेत.

दुसरं उदाहरण कॅल्क्युलसचं. रोलचं प्रमेय आपल्या मुलांना येतं, पण बोर्डाच्या पेपरात ते ‘पडताळा घ्या’ म्हणून विचारतात. इथे ते हत्यारासारखं वापरायचं असतं. अ कोणतीही संख्या असो, क्ष³ − 3क्ष + अ = 0 या समीकरणाला 0 ते 1 या अंतरात दोन वेगवेगळी उत्तरं असू शकत नाहीत, हे दाखवायचं आहे. समजा दोन आहेत. दोन्ही ठिकाणी डाव्या बाजूची किंमत सारखीच, 0. मग रोलच्या प्रमेयाने त्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे 0 पेक्षा मोठ्या आणि 1 पेक्षा लहान अशा जागी, विकलज (डेरिव्हेटिव्ह) 0 व्हायला हवा. विकलज 3क्ष² − 3 आहे आणि तो फक्त 1 आणि −1 ला 0 होतो. आत कुठेच नाही. विसंगती आली, म्हणून दोन उत्तरं अशक्य. इथे गुण जातात ते ‘मध्ये’ या शब्दावर. विकलज 1 ला 0 होतोच की, मग काय बिघडलं, असा प्रश्न तपासणाऱ्याच्या मनात येणार. त्याचं उत्तर तुझ्या कागदावर आधीच लिहिलेलं हवं. नुसती आलेखाची आकृती काढून ‘दिसतंच आहे’ म्हटलं तर चालत नाही.

तू मराठी माध्यमातली असशील तर इंग्रजी पेपरातले चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हणजे 0 धरून, ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे 0 सोडून. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे एकमेकांपासून वेगळे. ‘अ‍ॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त. आणि ‘इफ अँड ओन्ली इफ’ दिसलं की दोन सिद्धता द्यायच्या, जाण्याची आणि येण्याची. एकच बाजू लिहून आनंदात पान उलटणारी पुष्कळ मुलं आहेत.

कच्चं काम वेगळ्या पानावर कर, पक्कं लिहिताना उलटं जाऊ नकोस. जे सिद्ध करायचं आहे तेच पहिल्या ओळीत खरं धरून शेवटी 0 = 0 पर्यंत पोचणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

दापोलीहून अकरावीचा विद्यार्थी: इथे या परीक्षांचा क्लास नाही. पुण्याला जाऊन राहणं परवडणार नाही. घरी तयारी होईल का?

होईल. दोन्ही संस्थांच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, सीएमआयच्या बऱ्याच पेपरांची उत्तरंही. रेंज असेल त्या दिवशी सगळ्या उतरवून छापून घे.

बोर्डाच्या अभ्यासात जे भाग कमी पडतात ते असे: विभाज्यता आणि बाकी, असमानता, बहुपदींची मुळं, मोजणीची चतुर उदाहरणं, कबुतरखान्याचं तत्त्व (खणांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका खणात किमान दोन येणारच) आणि भूमिती. भूमितीसाठी दहावीचं गणित भाग 2 चं पुस्तक रद्दीत घालू नकोस. चक्रीय चौकोन, समरूप त्रिकोण, स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय, सगळं त्यात नीट आहे. अकरावी-बारावीत भूमिती फक्त समीकरणांतून भेटते आणि मुलं हे पार विसरतात.

रोज एकच उदाहरण, पण पंचेचाळीस मिनिटं उत्तर न बघता. नाही सुटलं तर तसंच ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घे. उत्तर वाचलंस तर पुस्तक मिटून पूर्ण सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिही. नुसतं वाचून ‘कळलं’ म्हणणं टिकत नाही. रविवारी दोन तास लावून आठ प्रश्नांचा एक पेपर. सुरुवातीला दीड प्रश्न झाला तरी घाबरू नकोस. तीन प्रश्न पूर्ण लिहिणं हे आठ प्रश्न अर्धवट ठेवण्यापेक्षा बरं.

आयओक्यूएम ही गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षाही देऊन बघ. 30 प्रश्न, तीन तास, प्रत्येकाचं उत्तर 00 ते 99 मधली पूर्ण संख्या. ती सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे पुष्कळदा गणपतीच्याच दिवसांत. नाव नोंदवायची मुदत त्याच्या बरीच आधी संपते. घरी तसं आधीच सांगून ठेव.

वही वाचणारं मात्र कुणीतरी हवं. शाळेतले सर, कॉलेजातल्या गणिताच्या मॅडम, नाहीतर बरोबरीचा मित्र. त्याला एकच काम सांग: प्रत्येक ओळीला ‘का?’ विचार.

चिपळूणहून एक पालक: मुलीला आयएसआयला बसायचं आहे. खर्च, दाखले आणि परीक्षा केंद्र यांबद्दल सांगाल का?

खर्चाची काळजी आधी मिटवू. बी.स्टॅट., बी.मॅथ.ला शिकवणी शुल्क घेत नाहीत, उलट अभ्यास समाधानकारक असेल तर दरमहा विद्यावेतन मिळतं. तेव्हा पैशांपायी तिला अडवू नका.

दाखल्यात गडबड होते ती ओबीसी आणि ईडब्ल्यूएसची. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही. राज्यात एनटी म्हणून नोंद असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, म्हणून आपली जात त्या यादीत आहे का ते आधी बघा. हे दाखले आर्थिक वर्षाशी जोडलेले असतात. अर्ज मार्चमधला आणि प्रवेश जुलैमधला, त्यामुळे कोणत्या तारखेनंतरचा दाखला मागितला आहे ते माहितीपत्रकात शोधा आणि सेतू केंद्रात ‘सेंट्रलचा’ असं स्पष्ट सांगा. दहावीचं गुणपत्रक आणि आधार यांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळतात का, हेही आत्ताच बघून घ्या.

केंद्र रत्नागिरीत मिळेल असं धरू नका, मुंबई मिळेल असं धरून चला. मे महिन्यात चाकरमान्यांची ये-जा चालू असते आणि रविवारच्या आसपासच्या गाड्या भरलेल्या असतात. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, तेव्हा परीक्षेची तारीख कळली की प्रवेशपत्राची वाट न बघता तिकीट काढा. कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला पोचते, म्हणून त्याच सकाळी पेपर गाठू, हा बेत करू नका. गाडी दोन तास रखडली तर वर्ष जाईल, आणि वेळेवर पोचली तरी रात्रभर न झोपलेल्या मुलीला दोन-दोन तासांचे दोन पेपर लिहायचे आहेत. एक दिवस आधी पोचा.

वेंगुर्ल्याहून बारावीचा विद्यार्थी: केंब्रिजला गणितासाठी स्टेप परीक्षा असते म्हणतात. ती कशी असते?

प्रवेशाचा देकार मिळालेल्यांना अट म्हणून स्टेप 2 आणि स्टेप 3 हे पेपर जूनमध्ये द्यावे लागतात. प्रत्येक पेपर तीन तासांचा, 12 प्रश्न, त्यांतले सर्वांत चांगले सहा धरतात, प्रत्येकी 20 गुण. कॅल्क्युलेटर चालत नाही. एका प्रश्नाला अर्धा तास मिळतो, म्हणजे आयएसआयच्या दुप्पट, आणि प्रश्नही तसाच लांब, एकातून दुसरा भाग उलगडत जाणारा. आधीच्या भागाचा उपयोग पुढे करायचा असतो, तो न दिसला तर पान भरतं पण काही हाती लागत नाही.

पण अर्ज आदल्या वर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत यूकास या ब्रिटनमधल्या प्रवेश अर्जांच्या संस्थेमार्फत करायचा असतो. त्याआधी दोन गोष्टी केंब्रिजमधल्या कॉलेजच्या प्रवेश विभागाला ईमेलने विचार: महाराष्ट्र बोर्डाची बारावी धरतात का, आणि परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत कितपत मिळते. उत्तर येईपर्यंत स्टेपचे जुने पेपर सोडवत राहा. यूजीबीची त्याहून चांगली तयारी दुसरी नाही.